मेल्यानंतरचे दहा सेकंद

अवघड गेम्सचा विषय निघाला की गप्पांची गाडी नेहमी त्याच रुळावर जाते, कुठला बॉस (म्हणजे वाट अडवून बसलेला तगडा शत्रू) सगळ्यात बेकार, कोणी किती मार खाल्ला, कोणी काहीही अपग्रेड न करता हरवून दाखवला, आणि मग कोणीतरी हळूच विचारतं की दिवसभर राबून आल्यावर परत स्वतःहून डोक्याला ताप लावून घ्यायची हौस कशाला. माझा धाकटा भाऊ तर सरळ तोंडावर म्हणतो, "ताई, तू खेळतेस कमी आणि मरतेस जास्त." खरंय त्याचं. पण मला मरण्याचा वैताग असा फारसा येतच नाही. वैताग येतो तो मेल्यानंतर जे काय घडतं त्याचा.

इतकी वर्षं असले गेम्स खेळून माझं एक मत पक्कं झालंय. अवघड गेम जीव लावतो की डोक्यात जातो हे ठरतं तुमचा जीव गेल्यापासून कंट्रोल परत तुमच्या हातात येईपर्यंतच्या वेळात. दहा सेकंद म्हणूया, कधी एकच असतो, कधी तीन मिनिटं लागतात. बॉसच्या तलवारीची लांबी किती, त्याला हेल्थ किती, हे सगळं नंतर. त्या मधल्या वेळात गेम तुमच्याशी कसा वागतो त्यावरून कळतं की बनवणाऱ्याला तुमच्या वेळेची काही किंमत आहे का तो नुसता मजा बघतोय.

सेलेस्ट घ्या, २०१८ चा. डोंगर चढायचा, एका स्क्रीनवर एक छोटी अडचण, काटे, फिरणाऱ्या लाद्या, कोसळणारे दगड. मेलात की डोळ्याची पापणी लवते न लवते तोच तुम्ही त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला उभे, गाणं थांबत नाही, गेम ओव्हर नाही, "पुन्हा खेळायचंय का" असला शहाणपणा नाही. वर एक पोस्टकार्ड येतं त्यात लिहिलेलं असतं की मेल्याच्या आकड्याचा अभिमान बाळगा, जितके मराल तितकं शिकताय. वाचताना जरा गोडगोड वाटतं पण गेम खरोखर तसाच वागतो म्हणून पटतं. एका स्क्रीनवर डझनावारी मेले तरी मला राग येत नाही कारण रागवायला वेळच मिळत नाही, बोट आधीच परत उडी मारून मोकळं झालेलं असतं.

आणि यात एक गंमत आहे जी खेळताना बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. सेलेस्ट तुमच्या बाजूने बिनधास्त खोटं बोलतो. कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेम्स, म्हणजे सेकंदाचा बारीकसा तुकडा, तुम्ही उडी मारू शकता, म्हणजे हवेत आहात तरी गेम म्हणतो जाऊ दे, धर जमिनीवरच होतीस. जमिनीला टेकायच्या जरा आधी बटण दाबलं तरी ते लक्षात ठेवून टेकल्या टेकल्या उडी देतो. डोकं एखाद्या कोपऱ्याला थोडंसं घासलं तर हळूच बाजूला सरकवून घेतो. हे सगळं बनवणाऱ्या मॅडी थॉर्सनने स्वतः उघडपणे सांगितलंय. म्हणजे ज्या गेमला आपण "अवघड पण फेअर" म्हणून डोक्यावर घेतो तो खरं तर सतत आपल्याला पाठीमागून टेकू देत असतो, फक्त दिसू देत नाही. फेअर वाटणं आणि फेअर असणं या दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि खेळणाऱ्याला पहिलीशीच देणंघेणं असतं.

सुपर मीट बॉय (२०१०) याच जातीतला, तिथेही मेलं की लगेच परत. पण लेव्हल एकदाची पार झाली की तो एक भारी प्रकार करतो, तुमचे आधीचे सगळे प्रयत्न एकाच वेळी रिप्ले करतो. अख्खी झुंड सुटते, पहिल्या करवतीला निम्मे कापले जातात, दुसऱ्या उडीला अजून काही, काही बावळट उगाच भिंतीला चिकटून बसलेले, आणि शेवटी एकटाच पोचतो. मी ते बघताना दर वेळी मोठ्याने हसते. वाया गेलं असं जे वाटत होतं तेच बक्षीस म्हणून परत मिळतं.

कपहेडचंही तसंच, २०१७ चा गेम. मारामारी चालू असताना बॉसला हेल्थ बार, म्हणजे किती जीव उरलाय ते दाखवणारी पट्टीच नाही, त्यामुळे तो अर्धा मेलाय का आत्ता कुठे सुरुवात आहे याचा पत्ता नसतो. मेलात की कार्ड येतं, बॉसचा एक टोमणा, आणि खाली एक रेष, त्यावर तुम्ही कुठपर्यंत पोचला होतात ते दाखवलेलं. शेवटच्या झेंड्यापासून नखभर अंतरावर मेलेलं दिसलं की झोप उडते. आता हेच खेळताना दाखवलं असतं तर माणूस घाईला येऊन माती खातो, आणि अजिबातच नसतं दाखवलं तर कंटाळून सोडून देतो. नेमकं मेल्यावर दाखवायचं, हे ज्याला सुचलं त्याला माणसाचा स्वभाव कळतो राव.

आता याच्या बरोब्बर उलटी जमात. जुन्या आर्केड मशीनवर मेलं की स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू व्हायची, दहा, नऊ, आठ, नाणं टाका नाहीतर संपलं. तिथे अवघडपणा हा धंद्याचा भाग होता, गेम जितका लवकर मारेल तितकी नाणी जास्त. घोस्ट्स अँड गॉब्लिन्स हा १९८५ चा गेम शेवटच्या बॉसला हरवल्यावर सांगतो की हा सगळा सैतानाने रचलेला भ्रम होता, आता पहिल्यापासून परत खेळा, आणि दुसऱ्यांदा आणखी अवघड. एवढं निर्लज्जपणे कोणी आज केलं तर लोक कन्सोल खिडकीबाहेर टाकतील. असं मी म्हणते खरी, पण ती उलटी मोजणी कुठे गेलीच नाही, ती फोनमध्ये शिरली. मध्यंतरी एका मोबाइल गेममध्ये (नाव नको) लेव्हल अगदी एका चालीने हुकली की पाच सेकंदांचा काउंटडाउन, खाली हिरे घ्या आणि चालू ठेवा, नाहीतर जाहिरात बघा, नाहीतर अर्धा तास थांबा. आणि ते "एका चालीने" इतक्या वेळा व्हायला लागलं की मला शंका यायला लागली. तिथे अवघडपणा शिकवत काहीच नाही, तुमच्या अधीरपणावर टपून बसलेला असतो. मेल्यानंतरचे दहा सेकंद म्हणजे दुकान. असले गेम मी अवघड या खात्यात धरतच नाही.

बरं, सोल्सवाल्यांकडे, म्हणजे डार्क सोल्स आणि त्याच्या भावंडांकडे येऊ, नाहीतर म्हणाल मुख्य माणसंच विसरली.

डार्क सोल्स २०११ चा. मेलात की लाल अक्षरं, मग लोडिंग, मग शेवटच्या बोनफायरपाशी, म्हणजे परत उठायच्या शेकोटीपाशी जागे, आणि जमवलेले सगळे सोल्स, म्हणजे त्या गेममधली कमाई, जिथे मेलात तिथे पडलेले. परत तिथवर पोचलात तर मिळतात, मध्येच मेलात तर कायमचे गेले. आता ही योजना कागदावर वाचली तर छळ वाटते पण तिच्यात डोकं आहे. परत जाताना तोच रस्ता, तेच शत्रू, पण आता खिशात काही नाही आणि पुढे सगळं पडलंय, त्यामुळे आधी ज्या पुलावरून निवांत गेलात तिथेच तळहाताला घाम. म्हणजे त्या परतीच्या चालीत काहीतरी पणाला लागलेलं असतं. पहिल्या दोनतीन वेळा.

प्रॉब्लेम त्यानंतर. त्या रस्त्यात शिकण्यासारखं काही उरलं नाही की मग नुसतं ये रे माझ्या मागल्या. बॉसपर्यंतची ही धाव, जिला सगळे रनबॅक म्हणतात, तिने माझे जितके गेम सोडायला लावलेत तितके कुठल्याही बॉसने नाही. डार्क सोल्समधला काप्रा डीमन आठवा. गल्लीबोळातून कुत्रे, चोर चुकवत धावत यायचं, धुक्याच्या दारातून आत शिरायचं, आणि आत एक खोपटाएवढी जागा, आत पाऊल टाकताक्षणी दोन कुत्रे अंगावर आणि मागून दोन्ही हातात भलेमोठे सुरे घेतलेला तो राक्षस, वर कॅमेरा भिंतीत घुसून बसलेला, तुम्हाला स्वतःचीच पाठ दिसत नाही. भीक नको पण कुत्रं आवर ही म्हण या बॉससाठीच केली असावी. कुत्रे मेले की राहिलेला बॉस तसा सोपा आहे, डाव्या बाजूच्या जिन्यावर चढून वरून त्याच्या डोक्यात उडी मारत राहायचं. पण ते कळायच्या आधीची मरणं तीन सेकंदांची आणि परतीचा रस्ता त्याच्या कितीतरी पट. तीन सेकंदांत माणूस काय डोंबल शिकणार? मेले का तर कॅमेऱ्यामुळे, जागेमुळे, नशिबामुळे. यातलं एकही कारण पुढच्या खेपेला कामाला येत नाही.

हे गेम्स बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीला हे हळूहळू उमगत गेलं असावं. त्यांच्या २००९ च्या डीमन्स सोल्समध्ये मेलं की कमाल हेल्थच निम्मी व्हायची, म्हणजे आधीच जमत नाहीये त्याला अजून पंगू करायचं, वर भलेमोठे रनबॅक. २०२२ च्या एल्डन रिंगमध्ये बऱ्याच बॉसच्या अगदी दाराशी मारिकाचे खांब रोवलेले असतात, मेलात की तिथेच उठा आणि आत जा. तेरा वर्षांत बॉस सोपे झाले का? अजिबात नाही, त्यातली मलेनिया नावाची बॉस तर तुम्हाला फटका मारला की स्वतःची हेल्थ भरून घेते, ढालीवर झेललात तरी. म्हणजे अवघडपणा वाढवत नेला आणि मधला भाकड वेळ कापत गेले, आणि गंमत म्हणजे एल्डन रिंग सोपा झाला असं त्या खांबांमुळे म्हणणारं कोणी मला भेटलं नाही. 

आता बक्षीस काय मिळतं ते सांगते, कारण नुसता वैतागच लिहिला तर भाऊ म्हणेल बघ मी म्हणत नव्हतो.

सेकिरो (२०१९) मधला गेनिचिरो हा बॉस. किल्ल्याच्या माथ्यावर लढाई, आणि परत उठायची जागा जवळच, म्हणजे मेल्यानंतरचे दहा सेकंद खरोखर दहाच्या आसपास. तोपर्यंत सोल्स खेळून आलेल्या माणसाच्या अंगात एक खोड असते, शत्रूने हात उचलला की मागे पळायचं, लोळायचं, संधी बघून एक फटका मारायचा आणि परत पळायचं. गेनिचिरो ही खोड मोडतो. तुम्ही लांब गेलात की धनुष्य काढतो, आणि तेवढ्यात त्याचा पोश्चर, म्हणजे तोल किती ढळलाय ते मोजणारी ती पिवळी पट्टी, परत रिकामी होते, म्हणजे तुम्ही केलेलं सगळं पाण्यात. त्याला हरवायचं तर त्याच्या अंगावर जाऊन उभं राहायचं आणि प्रत्येक घाव नेमक्या क्षणी तलवारीवर झेलायचा. सुरुवातीला नुसता गोंधळ वाटतो, लोखंडाचा आवाज, ठिणग्या, आणि मी खाली पडलेली. मग कधीतरी कान जागे होतात. वेळेवर झेललेल्या घावाचा आवाज स्वच्छ, टण्ण असा येतो, उशीर झाला तर बद्द. डोळ्यांच्या आधी कानाला कळायला लागतं. मग तो वरून उडी मारून आपटतो आणि लाल खूण चमकते, आणि इथे पाजीपणा असा की खूण एकच पण त्यानंतर येणारे वार दोन, एकदा भोसकतो तर एकदा खालून झाडतो. भोसकलं तर पुढे पाऊल टाकून तलवार पायाखाली दाबायची, झाडलं तर उडी मारायची. खुणेकडे बघून काही कळत नाही, त्याच्या खांद्याकडे बघावं लागतं.

आणि एक दिवस तो स्लो झाला. म्हणजे गेमने काहीही बदललेलं नाही, माझी ताकद तेवढीच, त्याची तेवढीच, पण त्याचा खांदा हलला की मला पुढचं दिसतंय, त्या दोन वारांमध्ये आता चिक्कार वेळ आहे, आदल्या रात्री तो कुठे होता कोण जाणे. शेवटच्या टप्प्यात तो वीज फेकतो तर ती हवेत उडी मारून अंगावर घ्यायची आणि पाय जमिनीला लागायच्या आत त्याच्यावरच परत फेकायची, हे वाचायला फिल्मी वाटतं आणि करायला त्याहून फिल्मी आहे. लेव्हल वाढवून, चांगली तलवार घेऊन जिंकण्यात ही चव नसते कारण तिथे आकडा वाढलेला असतो, इथे माझे कान वाढलेत. रात्री उशिरापर्यंत डोकं आपटून न जमलेला बॉस सकाळी चहाआधीच पडतो हेही अनेकांच्या ओळखीचं असेल, हाताच्या सवयी झोपेत मुरतात हे मेंदूवाल्यांनी अभ्यासलेलं आहे. त्यामुळे "फक्त एकदा, शेवटचं" म्हणत पहाटेपर्यंत बसण्यापेक्षा झोपणं हीच जास्त चांगली स्ट्रॅटेजी, जी मी पाळत नाही.

झेलण्यावरून आठवलं, टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये गेम मोड चालू आहे का ते आधी बघा. साठ फ्रेम्सच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, आणि टीव्ही चित्र गुळगुळीत करायच्या नादात त्यावर कितीतरी फ्रेम्सचा उशीर चढवतो. मग तुम्ही बटण बरोबर दाबताय तरी मरताय. अवघड गेममधली सगळी मजा या एका गोष्टीवर उभी आहे की मेले तर का मेले ते मला कळलं पाहिजे, आणि असा उशीर नेमकं तेच खाऊन टाकतो.

का मेले ते कळणं याचीच दुसरी बाजू म्हणजे टक्केवारीचे गेम्स. एक्सकॉम (२०१२) मध्ये शत्रूच्या नाकासमोर बंदूक धरून ९५ टक्के लिहिलेलं असतं आणि गोळी हुकते. वीसात एकदा हुकणारच, शाळेतलं गणित, पण त्या क्षणी शाळा कोणाला आठवते. सोप्या डिफिकल्टीवर तर तो गेम गुपचूप तुमच्या बाजूने आकडे वाढवतो, सेलेस्टसारखाच, तरी शिव्या खातो. याउलट इन्टू द ब्रीच (२०१८) मध्ये पुढच्या चालीत कोण कुठे मारणार ते सगळं आधीच दाखवून ठेवलेलं असतं, आणि तरी शहर वाचत नाही. तिथे तोंडातून शिवी येते ती स्वतःसाठी, आणि मी लगेच परत सुरू करते.

काही गेम्स मेल्यावर वर तुमची लायकी काढतात. निन्जा गायडन ब्लॅक (२००५) मध्ये सुरुवातीलाच बऱ्याचदा मेलात तर विचारतो, निन्जा डॉग मोड हवाय का, म्हणजे निन्जा नाही तर कुत्रा, आणि हो म्हणालात तर हाताला रिबन बांधून पाठवतो. मेटल गिअर सॉलिड ५ (२०१५) डोक्यावर कोंबडीची टोपी घालतो. कोंबडीवर मी हसले पण रिबनचा मला राग येतो, मदत द्यायची तर द्या ना, वर टोमणा कशाला. हेडीसने (२०२०) हे फार समजूतदारपणे केलंय. मेलात की घरी, रक्ताच्या तळ्यातून बाहेर येताय, दारातच झोपाळू हिप्नोस यादी बघून सांगतो की बरं, तुला त्याने मारलं होय, मग कोणाशी तरी गप्पा, गोष्ट थोडी पुढे सरकते. कधीकधी तर मला मरायचंच असतं, पुढे कोण काय बोलणार ते ऐकायला. आणि गॉड मोड चालू केलात तर २० टक्के कमी मार लागतो आणि प्रत्येक मरणामागे २ टक्के वाढत ८० पर्यंत जातं. कोणी हिणवत नाही, कुठलं बक्षीस काढून घेत नाही.

माझ्या या सगळ्या थिअरीला छेद देणारा गेम एकच, गेटिंग ओव्हर इट, बेनेट फॉडीचा, २०१७. कढईत बसलेला माणूस, हातात हातोडा, डोंगर चढायचा, सेव्ह पॉइंट नाहीत, घसरलात तर तासांची मेहनत एका क्षणात तळाशी. आणि तुम्ही पडत असताना फॉडीचा शांत आवाज अपयशाबद्दलची सुविचारछाप वाक्यं ऐकवतो. वेळेची किंमत वगैरे मी वर जे काय बडबडले ते सगळं इथे पायदळी. तरी मला तो आवडतो, कारण तो पहिल्या मिनिटापासून सांगतोय की मी तुला दुखवायलाच आहे. तरी मी तो पूर्ण केलेला नाही आणि करणारही नाही.

सिल्कसाँग हा गेम मात्र असा हेतू लपवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा सगळीकडे एकच भांडण, फार अवघड आहे विरुद्ध तुम्हालाच येत नाही. पहिल्याच अपडेटमध्ये सुरुवातीचे दोन बॉस जरा नरम केले त्यावरूनही भांडण. मला त्यातल्या मारामाऱ्या अतिशय आवडल्या, त्याची नायिका हॉर्नेट, तिच्या हालचालीला तोड नाही. पण लास्ट जज नावाची बॉस, तिच्यापर्यंत जायचं म्हणजे वाऱ्याच्या झोतात, किड्यांना चुकवत, उड्या मारत ती लांबलचक वाट, दर वेळी, आणि हरवलीत की मरता मरता स्फोट होतो, त्यात मेलात तर परत पहिल्यापासून ती वाट. तो स्फोट मला चालला, एकदाच फसवतो आणि कायमचा लक्षात राहतो. ती वाट नाही चालली.

त्यामुळे सोपा मोड असावा का नसावा या वादात मला फारसा रस उरलेला नाही. सेलेस्टमध्ये असिस्ट मोड आहे, वेग निम्म्यापर्यंत कमी करा, अमर व्हा, काय वाटेल ते करा, आणि त्यामुळे माझ्या सेलेस्टमधला एक काटासुद्धा बोथट झालेला नाही. ज्याला हवा त्याने घ्यावा. मला स्वतःला बॉसची हेल्थ कमी करून नकोय, त्याचे वार हळू करून नकोत. सेटिंगमध्ये एकच टिकमार्क द्या, रनबॅक बंद. मेले की थेट त्याच्या दारात उभी करा, मग तो मला हवं तितक्या वेळा मारू दे.